जॉन जेकब एबल

जॉन जेकब एबल (१९ मे, १८५७ - २६ मे, १९३८) हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ आणि औषधिक्रियाविज्ञानाचे अभ्यासक होते. औषधांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगाने तपासणारे हे शास्त्र अमेरिकेत रुजविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. या शास्त्राचे अमेरिकेतील जनक असा त्यांचा उल्लेख होतो. अधिवृक्क ग्रंथीतील एपिनेफ्रिन म्हणजेच ॲड्रेनॅलिन या संप्रेरकावरील संशोधन, जिवंत प्राण्याचे रक्त शरीराबाहेर शुद्ध करणारे पहिले उपकरण आणि इन्शुलिनचे स्फटिकीकरण ही त्यांची तीन प्रमुख कामे होत.

यांपैकी रक्तशुद्धीचे उपकरण पुढे कृत्रिम मूत्रपिंड या नावाने ओळखले गेले. शरीराबाहेर काढलेले रक्त नळ्यांमध्ये गोठते, हा या उपकरणापुढील सर्वांत मोठा अडथळा होता. एबल यांनी त्यावर जळवांपासून मिळणाऱ्या हिरुडिन या द्रव्याचा उपाय योजला. आज अतिदक्षता विभागात सतत चालणाऱ्या डायलिसिससाठी रक्त न गोठू देणारे कोणते औषध निवडावे, या प्रश्नाचा इतिहास एबल यांच्या १९१३ सालच्या प्रयोगांपासून सुरू होतो.

बालपण आणि शिक्षण

एबल यांचा जन्म अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलंड शहराजवळ झाला. त्यांचे घराणे जर्मन वंशाचे व शेतकरी होते. १८७६ साली त्यांनी मिशिगन विद्यापीठात प्रवेश घेतला. मात्र पैशांच्या अडचणीमुळे तीन वर्षांनंतर शिक्षण थांबवून त्यांना शिक्षकाची नोकरी धरावी लागली. इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी त्यांनी शाळेत शिकविले आणि पुढे तेथील शाळांचा कारभारही पाहिला. याच गावात त्यांची मेरी हिनमन या शिक्षिकेशी ओळख झाली. एबल विद्यापीठात परतले, १८८३ साली पदवीधर झाले आणि त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला.

मेरी हिनमन एबल यांनी पुढे आहारशास्त्र आणि गृहविज्ञान या क्षेत्रांत स्वतंत्र नाव मिळविले. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना स्वस्त व पौष्टिक अन्न कसे शिजवता येईल, या विषयावरील त्यांचे पुस्तक त्या काळी गाजले होते.

युरोपातील वास्तव्य

पदवीनंतर एबल यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एक वर्ष शरीरक्रियाविज्ञानाचा अभ्यास केला. १८८४ साली ते पत्नीसह युरोपला गेले आणि सुमारे सात वर्षे तेथेच राहिले. लाइपझिग येथे कार्ल लुडविग आणि त्या वेळी जर्मनीत असलेल्या स्ट्रासबर्ग येथे ओस्वाल्ड श्मीडेबर्ग यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. श्मीडेबर्ग यांची प्रयोगशाळा हे औषधिक्रियाविज्ञानाचे त्या काळातील सर्वांत मोठे केंद्र होते. १८८८ साली एबल यांना स्ट्रासबर्ग येथून वैद्यकाची पदवी मिळाली. त्यानंतर बर्न येथे मार्सेली नेन्स्की यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी जीवरसायनशास्त्राचे काम केले.

इतकी वर्षे वैद्यक शिकूनही एबल यांनी रुग्णसेवेचा व्यवसाय केला नाही. शरीरात घडणाऱ्या प्रक्रियांचे खरे ज्ञान त्यांमागील पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याशिवाय मिळणार नाही, अशी त्यांची धारणा झाली होती. त्यांच्या पुढील सर्व संशोधनामागे हीच धारणा दिसते.

मिशिगन आणि जॉन्स हॉपकिन्स

१८९१ साली मिशिगन विद्यापीठाने एबल यांना प्राध्यापक म्हणून बोलावले. तोपर्यंत अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत औषधांचा विषय म्हणजे वनस्पती, क्षार आणि त्यांची मात्रा यांची पाठांतराने शिकवली जाणारी यादी असे. एबल यांनी त्याला प्रयोगांची जोड दिली.

१८९३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विल्यम ऑस्लर आदी संस्थापक प्राध्यापकांच्या आग्रहावरून एबल तेथे औषधिक्रियाविज्ञानाचे पहिले प्राध्यापक झाले. १९३२ साली निवृत्त होईपर्यंत ते या पदावर होते. सुरुवातीची अनेक वर्षे शारीरिक रसायनशास्त्राचे अध्यापनही त्यांच्याकडेच होते. त्याच वर्षी विल्यम हॉवेल हे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून या महाविद्यालयात आले. रक्त गोठण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास हा हॉवेल यांचा मुख्य विषय होता.

एबल यांच्या प्रयोगशाळेत अमेरिकेतील आणि परदेशांतील अनेक तरुण संशोधक घडले. सर्वांनी एकत्र बसून घ्यायचे दुपारचे जेवण आणि त्या वेळी होणारी शास्त्रीय चर्चा ही या प्रयोगशाळेची ओळख होती. प्रयोगशाळेतील एका स्फोटात एबल यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, तरी त्यांचे प्रत्यक्ष प्रयोग करणे थांबले नाही.

एपिनेफ्रिन

अधिवृक्क ग्रंथीचा अर्क रक्तदाब एकदम वाढवतो, हे १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधील जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी दाखवून दिले होते. हा परिणाम घडविणारा पदार्थ वेगळा करण्याचे काम एबल यांनी हाती घेतले. १८९७ साली अल्बर्ट क्रॉफर्ड यांच्यासह त्यांनी तो बेंझॉइल संयुगाच्या रूपात मिळविला आणि पुढे त्याला एपिनेफ्रिन हे नाव दिले.

एबल यांनी वेगळा केलेला पदार्थ पूर्णपणे शुद्ध नव्हता. बेंझॉइल गट त्याला चिकटून राहिला होता. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी एबल यांच्या प्रयोगशाळेला भेट दिली होती. त्यानंतर लवकरच ताकामिने यांनी तुलनेने सोप्या पद्धतीने या संप्रेरकाचे स्फटिक मिळविले आणि ते ॲड्रेनॅलिन या नावाने बाजारात आले. शुद्ध पदार्थ मिळविण्याचे श्रेय त्यामुळे ताकामिने यांच्याकडे गेले. एबल यांनी दिलेले नाव मात्र अमेरिकेत आजही अधिकृतपणे वापरले जाते. १९११ च्या सुमारास डेव्हिड मॅक्ट यांच्यासह केलेल्या संशोधनात एबल यांना एका उष्णकटिबंधीय भेकाच्या विषग्रंथीतही एपिनेफ्रिन आढळले.

कृत्रिम मूत्रपिंड

पार्श्वभूमी

रक्तात अनेक लहान रेणू विरघळलेल्या स्थितीत असतात. त्यांपैकी काही पोषक, तर काही टाकाऊ असतात. अशा पदार्थांचे रक्तातील प्रमाण फार कमी असल्यामुळे ते वेगळे करून ओळखणे अवघड होते. एकदाच काढलेल्या रक्ताऐवजी जिवंत प्राण्याच्या वाहत्या रक्तातून हे पदार्थ तासन्‌तास गोळा करता आले, तर ते पुरेशा प्रमाणात मिळतील, असा विचार एबल यांनी केला. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तात साचणारी विषारी द्रव्ये याच मार्गाने काढता येतील, हा उपयोगही त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

एबल यांचे सहकारी लिओनार्ड राउनट्री यांना मूत्रपिंडांच्या कार्यात विशेष रस होता. एबल व राउनट्री यांनी १९०९ साली थॅलीन वर्गातील रंगद्रव्यांचा अभ्यास केला होता. त्यातूनच पुढील वर्षी राउनट्री आणि जॉन गेराटी यांनी मूत्रपिंडांची कार्यक्षमता मोजणारी रंगद्रव्याची चाचणी तयार केली. नव्या उपकरणाच्या कामात राउनट्री यांच्यासह बेंजामिन टर्नर हेही सहभागी होते.

रचना

अर्धपार्य पटलातून लहान रेणू पलीकडे जातात आणि प्रथिनांसारखे मोठे रेणू व रक्तपेशी अलीकडेच राहतात. या क्रियेला अपोहन किंवा डायलिसिस म्हणतात. एबल यांनी पटलासाठी कोलोडिअन हा पदार्थ निवडला. नायट्रोसेल्युलोज हे अल्कोहोल आणि ईथर यांच्या मिश्रणात विरघळवून कोलोडिअन तयार होते. काचेच्या नळीत हे द्रावण ओतून, जादा द्रावण काढून टाकून आणि उरलेला थर सुकवून प्रयोगशाळेतच बारीक पारदर्शक नळ्या बनविल्या जात. या नळ्या नाजूक असत व सहज फुटत.

अशा अनेक नळ्या एकत्र जोडून काचेच्या एका रुंद आवरणात बसविल्या होत्या. बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या रोहिणीतील रक्त स्वतःच्या दाबाने नळ्यांत येई आणि दुसऱ्या टोकाने नीलेत परत जाई. नळ्यांभोवतीच्या आवरणात क्षारयुक्त द्रावण असे. रक्तातील लहान रेणू पटलातून या द्रावणात उतरत. रक्त वाहून नेण्यासाठी पंपाची गरज नव्हती. या क्रियेला एबल यांनी व्हिव्हिडिफ्यूजन म्हणजे जिवंत प्राण्यातील विसरण असे नाव दिले.

प्राण्याला आधी टोचलेले सोडियम सॅलिसिलेट बाहेरच्या द्रावणात उतरते, हे या उपकरणाने दाखविता आले. पुढे रक्तातून ॲलॅनिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्ले स्फटिकरूपात मिळाली. अमिनो आम्ले रक्तात मुक्त स्वरूपात वाहतात, याचा तो थेट पुरावा होता.

रक्त गोठण्याचा प्रश्न

रक्त काच किंवा कोलोडिअनला स्पर्श करताच गोठू लागते. नळ्यांत गुठळ्या झाल्या की रक्ताचा प्रवाह थांबतो, पटल निरुपयोगी होते आणि गुठळी शरीरात गेल्यास प्राण्याचा जीव जाऊ शकतो. त्यामुळे रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारे द्रव्य ही या उपकरणाची पहिली गरज होती. अशा औषधांना व्यवहारात रक्त पातळ करणारी औषधे म्हणतात, परंतु प्रत्यक्षात ती रक्त पातळ करीत नाहीत, तर गुठळी तयार होण्याच्या साखळीतील एखादी पायरी अडवतात.

त्या काळी असे मोजकेच पर्याय माहीत होते. रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवले की रक्त गोठत नाही, हे १८९० पासून ज्ञात होते. सिट्रेट व ऑक्झॅलेट हे क्षार याच तत्त्वावर परीक्षानळीतील रक्त द्रवरूप ठेवत. परंतु संपूर्ण शरीरात फिरणाऱ्या रक्तातील कॅल्शियम कमी झाल्यास हृदय व स्नायू यांचे कार्य धोक्यात येते. दुसरा पर्याय जळूचा होता. जळू चावल्यावर जखमेतून बराच वेळ रक्त वाहत राहते. १८८४ साली जॉन हेक्राफ्ट यांनी जळूच्या स्रावात रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याचे दाखविले. पुढे या द्रव्याला हिरुडिन हे नाव मिळाले. हिरुडिन थ्रॉम्बिन या विकराला थेट बांधून ठेवते, त्यामुळे कॅल्शियमला हात न लावता रक्त द्रवरूप राहते.

एबल यांनी हिरुडिनची निवड केली, पण तिच्याही अडचणी होत्या. विकत मिळणारे हिरुडिन महाग असे आणि त्याची गुणकारकता प्रत्येक वेळी सारखी नसे. म्हणून एबल यांच्या प्रयोगशाळेत जळवांची डोकी कापून व वाटून त्यांचा अर्क तयार केला जाई. प्रत्येक प्रयोगासाठी मोठ्या संख्येने जळवा लागत व त्या युरोपातून मागवाव्या लागत. अर्कातील अशुद्ध घटकांचे दुष्परिणाम होण्याची शक्यता असे आणि दिलेल्या हिरुडिनचा परिणाम उलटविणारे कोणतेही औषध उपलब्ध नव्हते.

प्रात्यक्षिके आणि रक्तद्रव विलगीकरण

१९१३ साली एबल यांनी हे उपकरण अमेरिकेतील वैद्यकीय सभेत आणि त्यानंतर लंडन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत सादर केले. वृत्तपत्रांतून कृत्रिम मूत्रपिंड या नावाने त्याची चर्चा झाली आणि हेच नाव रूढ झाले. सविस्तर शोधनिबंध पुढील वर्षी प्रसिद्ध झाला.

१९१४ साली याच तिघांनी आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. प्राण्याचे रक्त काढून त्यातील रक्तपेशी वेगळ्या करायच्या, रक्तद्रव टाकून द्यायचा आणि पेशी क्षारद्रावणात मिसळून परत शरीरात सोडायच्या, अशी ती पद्धत होती. तिला त्यांनी प्लाझ्माफेरेसिस असे नाव दिले. आज अनेक रोगप्रतिकारविषयक आजारांत व रक्तपेढ्यांत वापरली जाणारी रक्तद्रव विलगीकरणाची प्रक्रिया याच नावाने ओळखली जाते.

महायुद्ध आणि कामाचा शेवट

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि युरोपातून येणाऱ्या जळवांचा पुरवठा तुटला. पटल, नळ्या, काचेचे आवरण आणि कुशल सहकारी हे सर्व असूनही हिरुडिनअभावी काम पुढे नेता येईना. एबल यांचे उपकरण माणसावर कधीच वापरले गेले नाही. युद्धानंतर एबल दुसऱ्या विषयांकडे वळले.

हेपारिनचा शोध

ज्या द्रव्याअभावी एबल यांचे काम थांबले, तशाच गुणांचे दुसरे द्रव्य त्याच महाविद्यालयात सापडले. १९१६ साली जे मॅक्लीन हा विद्यार्थी हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. रक्त गोठण्यास मदत करणारे पदार्थ शोधणे हे त्याच्याकडे सोपविलेले काम होते. प्राण्यांच्या हृदयाचे व यकृताचे अर्क तपासताना काही अर्क उलट रक्त गोठणे थांबवतात, असे त्याच्या लक्षात आले. हॉवेल यांनी हे संशोधन पुढे चालविले आणि १९१८ साली या द्रव्याला यकृताच्या ग्रीक नावावरून हेपारिन असे नाव दिले.

सुरुवातीचे हेपारिन अशुद्ध होते. त्यामुळे डोकेदुखी, ताप, मळमळ असे त्रास होत. ते शुद्ध व सुरक्षित स्वरूपात मिळण्यास १९३० चे दशक उजाडावे लागले. टोरांटो येथे चार्ल्स बेस्ट, आर्थर चार्ल्स आणि डेव्हिड स्कॉट यांनी, तर स्टॉकहोम येथे एरिक योर्पेस यांनी हे काम केले. १९३७ साली प्रोटामिन हे द्रव्य हेपारिनचा परिणाम नाहीसा करते, हेही समजले. रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याला प्रथमच उताराही उपलब्ध झाला.

दरम्यान जर्मनीतील गीसेन येथे गेओर्ग हास यांनी १९२४ साली मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णावर पहिले डायलिसिस केले. ते सुमारे १५ मिनिटे चालले. त्यांच्या उपकरणातही कोलोडिअनच्या नळ्या होत्या आणि सुरुवातीला त्यांनीही हिरुडिनच वापरले. हिरुडिनच्या दुष्परिणामांमुळे पुढे ते हेपारिनकडे वळले. १९४३ साली नेदरलँड्समधील कांपेन येथे विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या लांब नळीचे फिरते पिंप तयार केले. शुद्ध हेपारिन हाताशी असल्यामुळे त्यांना डायलिसिस अनेक तास चालू ठेवता आले. त्यांच्या उपचाराने वाचलेला पहिला रुग्ण १९४५ सालचा आहे. एबल यांच्या प्रयोगानंतर ३२ वर्षांनी कृत्रिम मूत्रपिंडाने एका माणसाचा जीव वाचविला.

पीयूषिका ग्रंथी आणि इन्शुलिन

युद्धानंतर एबल यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या पश्च खंडाचा अभ्यास केला. या खंडातील सर्व परिणाम एकाच संप्रेरकामुळे होतात, असे त्यांचे मत होते. ते पुढे चुकीचे ठरले. तेथे ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन ही दोन वेगळी संप्रेरके असतात. ती शुद्ध करून त्यांची रचना उलगडणारे व्हिन्सेंट डू व्हिनो हे एके काळी एबल यांच्याच प्रयोगशाळेत काम करीत होते. त्यांना १९५५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९२१-२२ साली टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला, परंतु त्याचे रासायनिक स्वरूप अज्ञात होते. आर्थर नॉइज यांच्या निमंत्रणावरून एबल १९२४ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे गेले व त्यांनी या प्रश्नावर काम सुरू केले. १९२६ साली त्यांनी इन्शुलिनचे स्फटिक मिळविल्याचे जाहीर केले. त्या वेळी त्यांचे वय ६८ वर्षे होते.

या शोधावर बराच काळ शंका घेतली गेली. स्फटिक म्हणजे निव्वळ प्रथिन असून खरे संप्रेरक त्याला चिकटलेले असावे, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटत होते, कारण प्रथिन हेच संप्रेरक असू शकते ही कल्पना तेव्हा मान्य नव्हती. शिवाय सुरुवातीला हे स्फटिक पुन्हा मिळविणे इतरांनाच नव्हे, तर एबल यांनाही कठीण गेले. १९३४ साली डेव्हिड स्कॉट यांनी जस्ताच्या उपस्थितीत इन्शुलिनचे स्फटिक सहज तयार होतात, हे दाखविले. हेपारिन शुद्ध करणाऱ्या टोरांटोच्या गटातील हेच ते स्कॉट होत. इन्शुलिन हे प्रथिनच आहे, हे एबल यांचे मत कालांतराने सर्वमान्य झाले.

संस्था आणि नियतकालिके

अमेरिकेत जीवरसायनशास्त्र आणि औषधिक्रियाविज्ञान यांना स्वतंत्र विद्याशाखा म्हणून स्थान मिळवून देण्यात एबल यांचा मोठा वाटा होता. १९०५ साली ख्रिस्तियन हर्टर यांच्यासह त्यांनी जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री हे नियतकालिक सुरू केले. १९०६ साली जीवरसायनशास्त्रज्ञांची व १९०८ साली औषधिक्रियाविज्ञानाच्या अभ्यासकांची राष्ट्रीय संस्था स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९०९ साली त्यांनी जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी अँड एक्स्परिमेंटल थेराप्युटिक्स सुरू केले आणि १९३२ पर्यंत त्याचे संपादन केले. कृत्रिम मूत्रपिंडावरील १९१४ सालचे त्यांचे निबंध याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अखेरची वर्षे आणि सन्मान

निवृत्तीनंतरही एबल यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. धनुर्वाताच्या जंतूंचे विष शरीरात कोणत्या मार्गाने पसरते, यावर ते अखेरपर्यंत काम करीत होते. १९३८ सालच्या आरंभी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्याच वर्षी २६ मे रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, एबल यांचे बाल्टिमोर येथे निधन झाले.

१९१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली होती. १९३२ साली ते अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेचे अध्यक्ष होते. १९३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्यत्व दिले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. औषधिक्रियाविज्ञानातील तरुण संशोधकांना अमेरिकेत दिला जाणारा एक प्रतिष्ठेचा पुरस्कार त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आजच्या अतिदक्षता विभागातील वारसा

नेहमीचे डायलिसिस आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही तास केले जाते. अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्णाचा रक्तदाब इतक्या जलद शुद्धीकरणाचा ताण सहन करू शकत नाही. अशा रुग्णांसाठी दिवसरात्र संथ गतीने चालणारे डायलिसिस वापरतात. १९७७ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे पीटर क्रामर यांनी याची पहिली पद्धत मांडली. तीत एबल यांच्या उपकरणाप्रमाणेच रक्त पंपाविना, रोहिणीतील दाबानेच वाहत असे. आधुनिक यंत्रांत पंप आले, पण रक्त न गोठू देण्याचा प्रश्न अधिकच तीव्र झाला, कारण आता रक्ताला परक्या पृष्ठभागाचा स्पर्श काही तास नव्हे, तर अनेक दिवस होत राहतो.

अशा रुग्णात दोन विरुद्ध धोके एकत्र असतात. जंतुसंसर्ग व दाह यांमुळे रक्त लवकर गोठते, तर शस्त्रक्रिया, जखमा किंवा कमी झालेल्या बिंबिका यांमुळे रक्तस्राव होण्याची भीती असते. गाळणी वारंवार गोठली तर उपचार खंडित होतो आणि गाळणीत अडकलेले रक्त वाया जाते. औषध जास्त झाले तर रुग्णाच्या मेंदूत किंवा आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो. ज्यांच्या बाबतीत रक्तस्रावाचा धोका फारच मोठा असतो, अशा काही रुग्णांचे डायलिसिस कोणतेही औषध न देता चालविले जाते.

हेपारिन स्वस्त व परिचित आहे आणि प्रोटामिनने त्याचा परिणाम उलटविता येतो. मात्र ते गाळणीपुरते मर्यादित राहत नाही, तर रुग्णाच्या संपूर्ण शरीरातील रक्तावर परिणाम करते. काही रुग्णांत हेपारिनमुळे बिंबिका एकदम कमी होतात आणि उलट गुठळ्याच तयार होतात. तेव्हा हेपारिन पूर्णपणे बंद करावे लागते.

एबल यांच्या काळात संपूर्ण शरीरासाठी धोकादायक असलेले सिट्रेट वेगळ्या रीतीने उपयोगी पडले. गाळणीपूर्वी रक्तात सिट्रेट मिसळायचे, म्हणजे गाळणीतील मुक्त कॅल्शियम घटून रक्त तेथे गोठत नाही. रुग्णाकडे परतणाऱ्या रक्ताला कॅल्शियमची भरपाई करायची, म्हणजे शरीरातील रक्त नेहमीप्रमाणे गोठू शकते. शरीरात पोचलेल्या सिट्रेटचे मुख्यतः यकृतात बायकार्बोनेटमध्ये रूपांतर होते. त्यामुळे यकृत निकामी झालेल्या किंवा दीर्घ रक्ताघात अवस्थेतील रुग्णात सिट्रेट साचण्याचा धोका असतो. कॅल्शियम व रक्ताची आम्लता यांची वारंवार तपासणीही करावी लागते. मूत्रपिंडविकारांवरील केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाने २०१२ साली, सिट्रेट देण्यास अडसर नसलेल्या रुग्णांत सतत चालणाऱ्या डायलिसिससाठी हेपारिनपेक्षा सिट्रेट सुचविले. जर्मनीत ५९६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिट्रेट वापरल्यास गाळणी सरासरी ४७ तास, तर हेपारिनवर २६ तास टिकल्याचे आढळले. सिट्रेट गटात रक्तस्राव कमी, परंतु नवे जंतुसंसर्ग जास्त होते. मृत्यूंच्या प्रमाणात निश्चित फरक दिसून आला नाही.

एबल यांनी निवडलेले हिरुडिन पुढे जनुकीय तंत्रज्ञानाने शुद्ध स्वरूपात तयार झाले आणि हेपारिन सहन न होणाऱ्या रुग्णांसाठी काही वर्षे वापरात होते. मात्र ते शरीराबाहेर टाकण्याचे काम प्रामुख्याने मूत्रपिंडेच करतात. त्यामुळे ज्या रुग्णाला डायलिसिसची गरज असते, त्याच्याच शरीरात ते साचून राहते. अशा रुग्णांत म्हणून यकृतावाटे निघून जाणारे आर्गाट्रोबॅन हे औषध सोयीचे ठरते. हेही हिरुडिनप्रमाणे थ्रॉम्बिनलाच थेट बांधते.